सीमाभागात आर्थिक सेवेचे कार्यालय उघडताना: ग्राहक संरक्षणाचे बदललेले नियम आणि पीआय पॉलिसी

बेळगावच्या टिळकवाडीत, शहापुरात, निपाणीच्या बाजारात किंवा खानापूरच्या स्टँडजवळ एखादा गाळा भाड्याने घेऊन विमा, म्युच्युअल फंड, कर्जाच्या फाइली आणि आयकराची विवरणपत्रे यांचे काम सुरू करणाऱ्या नव्या मंडळींसाठी हा लेख लिहीत आहे. गाळ्याचे भाडे, फर्निचर, प्रिंटर आणि पाटी यांचा हिशेब ही मंडळी चोख मांडतात. आपल्या चुकीमुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर ते कोण भरून देणार, हा प्रश्न मात्र पहिली नोटीस हातात पडेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. व्यावसायिक दायित्वाचा विमा, ज्याला आपल्या धंद्यात सगळे पीआय (प्रोफेशनल इन्डेम्निटी) पॉलिसी म्हणतात, तो या प्रश्नासाठी असतो. परंतु ग्राहक संरक्षणाचे नियम गेल्या काही वर्षांत इतके बदलले आहेत की, जुन्या समजुतीवर घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी अपुरी पडू शकते. पूर्वी भांडण बहुतेक वेळा 'तुम्ही मला फसवले' या आरोपावर चालत असे. आता ते 'तुम्ही मला काय सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले आणि त्याचा कागद कोठे आहे' यावर चालते. मराठीत बोलणे, इंग्रजीत फॉर्म भरणे आणि कानडीत पासबुक मिळणे ज्या भागात रोजचे आहे, तेथे हा बदल इतरांपेक्षा जास्त बोचतो.

पहिली पायरी: आपण नेमके कोण आहोत, हे ठरवणे

पीआय पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमाधारकाच्या व्यवसायाचे वर्णन असते आणि त्या वर्णनात बसणाऱ्या कामातील निष्काळजीपणाचीच भरपाई मिळते. आपल्याकडे एकच माणूस सकाळी विम्याचे हप्ते घेतो, दुपारी गृहकर्जाची फाइल बँकेत नेतो, संध्याकाळी एसआयपीचा फॉर्म भरतो आणि जुलै उजाडला की रात्री बारापर्यंत रिटर्न भरत बसतो. ग्राहकाच्या दृष्टीने हे सारे 'आमच्या साहेबांचे काम' असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र विम्यासाठी इर्डाई हे विमा नियामक प्राधिकरण, म्युच्युअल फंडासाठी सेबी हे बाजार नियामक आणि अॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेचा एआरएन म्हणजे नोंदणी क्रमांक, तर कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम अशी वेगवेगळी दालने आहेत. प्रपोजल फॉर्ममध्ये फक्त 'विमा सल्ला' असे लिहून पॉलिसी घेतली आणि तक्रार आली ती गृहकर्जाच्या फाइलीबद्दल, तर विमा कंपनी नाही म्हणेल आणि तिचे फारसे चुकणारही नाही. म्हणून वर्षभरात ज्या ज्या कामातून एक रुपया तरी येतो, त्या प्रत्येक कामाची नोंद वर्णनात करून घ्यावी.

पीआय घेण्याची सक्ती सर्वांवर सारखी नाही. विमा दलाल म्हणजे ब्रोकर यांच्यासाठी इर्डाईच्या २०१८ च्या विनियमांनी ती सक्तीची केली असून थेट विमा दलालाची भरपाई मर्यादा वार्षिक मेहनतान्याच्या दुप्पट आणि किमान १ कोटी रुपये असावी लागते. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागारांना डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर निव्वळ मत्तेच्या अटीऐवजी ग्राहकसंख्येनुसार अनामत ठेवावी लागते: १५० ग्राहकांपर्यंत १ लाख, ३०० पर्यंत २ लाख, १००० पर्यंत ५ लाख आणि त्यापुढे १० लाख रुपये. ही अनामत म्हणजे विमा, असा समज करून घेतलेले एक-दोघे मला भेटले आहेत. अनामत ही तुमचीच रक्कम आहे. ती खर्ची पडली तर पुन्हा तुम्हालाच भरावी लागते. छोटा एजंट आणि फंड वितरक यांना पीआयबद्दल सहसा कोणी विचारत नाही, आणि त्यांच्याकडेच ती नसते.

पाटीचे एक सांगायला हवे. सेबीची सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाने 'इंडिपेंडंट फायनान्शियल अॅडव्हायझर', 'वेल्थ अॅडव्हायझर' किंवा त्यासारखे नाव लावू नये, असा नियम २०२० पासून आहे. तरीही 'गुंतवणूक सल्लागार' अशी ठसठशीत अक्षरे आपल्या बाजारात सर्रास दिसतात. उद्या ग्राहक आयोगात तक्रारदाराने त्या पाटीचा फोटो जोडला, तर तुम्ही स्वतःला सल्लागार म्हणवत होता हे सिद्ध करायला त्याला दुसरे काही लागणार नाही. आणि तुमच्या पॉलिसीत व्यवसाय 'म्युच्युअल फंड वितरण' असा असेल, तर विमा कंपनीलाही तोच फोटो उपयोगी पडेल. पाटी रंगवणाऱ्याला मजकूर देण्याआधी पॉलिसीचे वर्णन समोर ठेवावे.

दुसरी पायरी: काय बदलले, ते पैशाच्या भाषेत समजून घेणे

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि १९८६ चा कायदा गेला. बँकिंग, वित्तपुरवठा आणि विमा या सेवा जुन्या कायद्यातही होत्या. नव्या कायद्यातील चार-पाच गोष्टी मात्र आपल्या धंद्यावर सरळ परिणाम करतात.

पहिली गोष्ट अशी की, तक्रारदार आता जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करू शकतो. बेळगावात कार्यालय असलेल्या माणसाचे ग्राहक चंदगड, गडहिंग्लज, आजरा येथे असणे हे आपल्याकडे नवल नाही. त्यातल्या कोणी कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार केली तर उत्तर द्यायला तेथे जावे लागते, निकालाविरुद्धचे अपील महाराष्ट्राच्या राज्य आयोगाकडे जाते आणि वकीलही तिकडचा लागतो. म्हणून पॉलिसीत कार्यक्षेत्र 'संपूर्ण भारत' असे आहे ना, हे पाहावे.

दुसरी गोष्ट, कोणत्या आयोगाकडे जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे, २ कोटींपर्यंतची राज्य आयोगाकडे आणि त्यावरची राष्ट्रीय आयोगाकडे जातात. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कच नाही. म्हणजे ५ हजार रुपये फी देऊन घेतलेल्या सल्ल्याबद्दल ४० लाखांची भरपाई मागणारी तक्रार, एक पैसाही शुल्क न भरता, ऑनलाइन दाखल होऊ शकते. आपली फी लहान म्हणून आपली जोखीमही लहान, हे गणित चुकीचे आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते. आयोग आणखी १५ दिवस देऊ शकतो, त्यापलीकडे नाही. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केले की, ४५ दिवसांनंतर आयोगाला मुदत वाढवताच येत नाही. विमा कंपनीकडून वकिलाच्या नेमणुकीला लेखी संमती यायला तीन आठवडे लागले, तर मुदतीचा निम्मा काळ तेथेच संपतो.

चौथी गोष्ट सर्वांत महागाची आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे तर पूर्वी आदेशातील रकमेचा निम्मा भाग किंवा २५ हजार रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती भरावी लागे. आता २५ हजारांची ती मर्यादा गेली असून सरळ निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्याचा हिशेब पुढच्या पायरीत मांडला आहे.

आणि पाचवी गोष्ट व्याख्येतील आहे. सेवेतील त्रुटी या शब्दाच्या व्याख्येत आता ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणे याचाही समावेश आहे. येथे विमा आणि कायदा यांची गाठ विचित्र पडते. पीआय पॉलिसी निष्काळजीपणा भरून देते, लबाडी नाही. आयोगाने निकालपत्रात 'जाणूनबुजून' हा एक शब्द लिहिला की विमा कंपनी अप्रामाणिकपणाच्या अपवादाकडे बोट दाखवू शकते. म्हणून त्या अपवादाची भाषा नीट वाचावी. अंतिम न्यायनिर्णयात अप्रामाणिकपणा सिद्ध होईपर्यंत बचावाचा खर्च मिळत राहील, असे शब्द काही पॉलिसींत असतात आणि काहींत नुसता आरोप पुरेसा ठरतो; पहिल्या प्रकारची पॉलिसी थोडी महाग मिळाली तरी घ्यावी.

वकील मंडळींच्या सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला, तेव्हा आमच्या ओळखीच्या काही कर सल्लागारांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. तो निकाल वकिलांपुरता आहे. पतसंस्थांनीही सहकार कायद्याच्या आडोशाला उभे राहू नये. तमिळनाडूतील तिरुमुरुगन सहकारी कृषी पतसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच ठरवून दिले आहे की, सहकार कायद्यात तंट्याची वेगळी सोय असली तरी सभासदाचा ग्राहक मंचाकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही. दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या बहुराज्य संस्थांना तर २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपालाचीही भर घातली आहे.

तिसरी पायरी: मर्यादा किती घ्यावी

विक्रेता विचारतो, 'किती लाखांची काढू?' आणि आपण वर्षाच्या कमाईएवढा आकडा सांगतो. हा अंदाज उलट बाजूने करावा. आपल्या वहीतील सर्वांत मोठा ग्राहक घ्या, आपल्या एका चुकीने त्याचे जास्तीत जास्त किती नुकसान होऊ शकते ते लिहा, आणि त्यात वकिलाचा खर्च मिळवा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा मर्यादा २० लाखांची असून बचावाचा खर्च तिच्यातच धरलेला आहे, आणि डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसायची रक्कम १ लाख आहे. आयोगाने नुकसानीचे १८ लाख, मानसिक त्रासाचे ५० हजार आणि तक्रारीच्या खर्चाचे २५ हजार असा एकूण १८ लाख ७५ हजारांचा आदेश दिला. तोपर्यंत वकिलांवर अडीच लाख खर्च झाले आहेत. एकूण भार २१ लाख २५ हजार होतो. त्यातले १ लाख आपले, उरलेल्या २० लाख २५ हजारांपैकी कंपनी २० लाख देणार आणि आणखी २५ हजार आपल्याच खिशातून जाणार. वरवर पाहता हे फारसे वाईट नाही. पण अपील करायचे ठरवले तर आधी ९ लाख ३७ हजार ५०० रुपये भरायचे आहेत, जेथे जुन्या कायद्याखाली २५ हजार भरून भागले असते. ही रक्कम कंपनी तेव्हाच भरणार, की दायित्व अंतिम ठरल्यावर परत देणार? पॉलिसीच्या छापील शब्दांत याचे उत्तर अनेकदा स्पष्ट नसते. म्हणून पॉलिसी घेण्यापूर्वी ई-मेलवर विचारावे आणि उत्तर फाइलीत ठेवावे. रोख रक्कम हाताशी नसल्यामुळे अपिलाचा हक्क सोडावा लागणे ही छोट्या कार्यालयाच्या बाबतीत कल्पनेतील गोष्ट नाही.

एका दाव्याची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही सारख्याच असतील तर पहिल्या मोठ्या दाव्यानंतर उरलेले वर्ष जवळपास उघड्यावर काढावे लागते. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरावा.

चौथी पायरी: प्रपोजल फॉर्म स्वतः भरणे

हा फॉर्म एजंटाला भरायला देऊन रिकाम्या जागी सही करणे, ही आपण आपल्या ग्राहकांना करू नका म्हणून सांगतो तीच गोष्ट आहे. फॉर्ममध्ये एक प्रश्न हमखास असतो: ज्यातून पुढे दावा उद्भवू शकेल, अशी एखादी परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहे काय? या प्रश्नाने मला स्वतःला धडा दिला आहे, तो येथे लिहितो.

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त गृहस्थांनी माझ्यामार्फत एक पॉलिसी घेतली होती. पाच वर्षे हप्ते भरायचे आणि पैसे दहाव्या वर्षी मिळायचे, अशी ती योजना होती. त्यांच्या समजुतीप्रमाणे मात्र पाचव्या वर्षी पैसे हातात यायचे होते. एके दिवशी वहीच्या रेघांच्या पानावर, दोन्ही बाजूंनी लिहिलेले त्यांचे पत्र आले. सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार', मग मुलीच्या लग्नाचा खर्च, आणि शेवटी एकच वाक्य: 'तुम्ही पाच वर्षे म्हणाला होता.' मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो, चहा घेतला, समजूत काढली आणि पत्र खणात ठेवून दिले. दीड महिन्यानंतर माझ्या पीआय पॉलिसीचे नूतनीकरण होते. त्या प्रश्नापुढे मी बिनदिक्कत 'नाही' लिहिले, कारण माझ्या डोक्यात दावा म्हणजे वकिलाची नोटीस. नोटीस नव्या पॉलिसीच्या काळात आली. विमा कंपनीने विचारले, पहिली तक्रार कधी मिळाली? मी ते पत्र दिले, आणि त्यावरच्या तारखेने माझा दावा फेटाळला गेला. जुन्या पॉलिसीच्या काळात कळवले नव्हते म्हणून तीही उपयोगाची नाही, आणि नवी घेताना दडवले म्हणून नवीही नाही. ३ लाख ४० हजारांत तडजोड झाली आणि ते पैसे मी दिले. कंपनीवर राग धरण्यासारखे त्यात काही नव्हते, हे कबूल करायला मला दोन वर्षे लागली.

पीआय पॉलिसी 'क्लेम्स-मेड' पद्धतीची असते, म्हणजे चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला आणि कधी कळवला यावर ती चालते. माझी चूक झाली ती हे न समजल्यामुळे. तिच्यात एक पूर्वलक्षी तारीखही असते. त्या तारखेच्या आधी केलेल्या कामाची भरपाई मिळत नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असली, तरी दीर्घ मुदतीच्या योजनांत ग्राहकाला नुकसान कळते तेच अनेक वर्षांनी. म्हणून कंपनी बदलताना प्रीमियम दोन हजारांनी कमी पडतो या आनंदात जुनी पूर्वलक्षी तारीख गमावू नये. नव्या पॉलिसीत तीच तारीख छापून आली आहे, हे पाहूनच जुनी सोडावी.

पाचवी पायरी: पॉलिसी काय देत नाही

दंड मिळत नाही. फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात सुरक्षेची खबरदारी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे आकडे मोठ्या कंपन्यांसाठी आहेत असे म्हणून हसू नये, कारण गावातल्या ग्रुपवर ग्राहकाचे आधार कार्ड आणि पॅन कार्ड टाकणारे आपल्यातच आहेत. जिल्हा आयोगाला दंडात्मक भरपाई देण्याचाही अधिकार आहे आणि तीही सहसा वगळलेली असते. 'वर्षाला १२ टक्के पक्के' अशी हमी देऊन बसला असाल तर तेही तुमचे तुम्ही. रोखपालाने केलेल्या अफरातफरीसाठी फिडेलिटी गॅरंटी ही वेगळी पॉलिसी असते. पतसंस्थेतील ठेवी बुडाल्या तर पीआय त्या भरून देत नाही, आणि ५ लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांतील ठेवींना नाही. सभासदांना याविषयी संदिग्ध बोलणे हीच एक तक्रार होऊ शकते. वसुलीच्या दांडगाईबद्दल कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढून १० वर्षांपर्यंत कारावास आणि ५ लाखांपर्यंत दंड ठेवला, त्याचा भारही कोणती विमा कंपनी उचलणार नाही.

कर्जाच्या फाइली करणाऱ्यांनी एका अपवादाकडे विशेष लक्ष द्यावे. रिझर्व्ह बँकेचे नियम पाळण्याची जबाबदारी मुळात कर्ज देणाऱ्या संस्थेची असते. उदाहरणार्थ, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत न दिल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण संस्था एजंटाशी जो करार करते, त्यात 'तुमच्यामुळे आम्हाला भुर्दंड बसला तर तो तुम्ही भरायचा' असे एक कलम बारीक अक्षरांत असते. करारामुळे स्वतःहून पत्करलेले असे दायित्व पीआयमधून वगळलेले असते. करारावर सही करण्यापूर्वी ते कलम आणि पॉलिसीचा हा अपवाद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, आणि कलम बदलून मिळत नसेल तर निदान त्याला रकमेची मर्यादा घालून मागावी.

सहावी पायरी: टेबलावरचा कागद

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे आणि तिला खर्चही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांना मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एका जागी मांडणारे पत्रक, द्यावे लागते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी, असे रिझर्व्ह बँकेने म्हटले आहे. आरोग्य विम्याच्या ग्राहक माहिती पत्रकाबाबतही मागणी केल्यास स्थानिक भाषेत देण्याची सोय आहे. हे नियम बेळगावात कसे पाळले जातात? इंग्रजी फॉर्म, त्यावर मराठीत सही, आणि स्थानिक भाषेत समजावून सांगितल्याच्या घोषणापत्रावर शेजारच्या झेरॉक्सवाल्याची साक्ष, जो त्या वेळी दुकानात नव्हताही. तक्रारदाराच्या वकिलाने साक्षीदाराला बोलावले की सगळे उघडे पडते.

त्याऐवजी साधे काम करावे. प्रत्येक व्यवहारासाठी मराठीत एक पान ठेवावे आणि कानडी ग्राहकासाठी त्याचेच कानडी पान. त्यावर हप्ता किती, किती वर्षे भरायचा, पैसे कोणत्या वर्षी मिळणार, मध्येच सोडल्यास किती तोटा, आणि मला कमिशन मिळते की नाही, एवढेच असावे. आकडे छापील नकोत, ग्राहकासमोर पेनाने भरावेत. खाली ग्राहकाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहावी, 'पैसे दहाव्या वर्षी मिळतील हे मला समजले', आणि सही करावी. निरक्षर ग्राहक असेल तर त्याच्या घरचा वाचता येणारा माणूस बोलवावा. मी आता हे पान करतो, त्याचा फोटो ग्राहकाला त्याच दिवशी पाठवतो, आणि नव्या विमा पॉलिसीला विचार बदलण्याची ३० दिवसांची मुदत असते हेही त्यावर लिहितो. एक-दोन विक्री यामुळे तुटल्या, हे खरे आहे.

ही पाने किती वर्षे ठेवायची? सेबीने नोंदणीकृत सल्लागारांना नोंदी किमान ५ वर्षे ठेवायला सांगितले आहे. विम्याच्या बाबतीत योजनेची मुदत संपून दोन-तीन वर्षे होईपर्यंत ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

सातवी पायरी: तक्रार आली त्या दिवशी

व्हॉट्सअॅपवरचा रागाचा निरोप, वहीच्या पानावरचे पत्र, सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरची तक्रार, वकिलाची नोटीस हे सगळे विमा कंपनीला कळवण्याजोगेच असते. त्याच दिवशी कंपनीला ई-मेल करावा, तक्रारीची प्रत जोडावी आणि पोच मागावी. 'एवढ्यासाठी कशाला' हा विचार मनात येईल, पण परिस्थिती म्हणून कळवून ठेवलेली गोष्ट पुढे दावा झाली तर ती कळवल्याच्या वर्षाच्या पॉलिसीत बसवण्याची सोय बहुतेक पॉलिसींत असते. पुढचे कठीण जाते, कारण आपल्याकडे माणसे ओळखीची असतात: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये आणि पैसे देण्याचे वचन देऊ नये. ग्राहकाशी बोलणे थांबवायचे नाही. 'तुमचे म्हणणे मी कंपनीला कळवले आहे, कागद पाहून सांगतो' एवढे बोलायला कोणाची हरकत नसते.

आयोगाची नोटीस असेल तर मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहावी, ४५ वा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणावावा, आणि वकिलाचे नाव सुचवूनच कंपनीची संमती मागावी. उत्तर आठवड्यात आले नाही तर, मुदत जाऊ नये म्हणून अमुक वकिलांना आम्ही नेमत आहोत, असे कळवून कामाला लागावे.

विमा कंपनीनेच नकार दिला तर तिच्या तक्रार निवारण विभागाला लिहावे. एकल मालकीची संस्था किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते; पत्ता निपाणीचा आणि ओळखी कोल्हापूरच्या असल्या तरी पुण्याचे लोकपाल कार्यालय आपले नव्हे. 'तुम्ही धंद्यासाठी विमा घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असा मुद्दा काढला गेला, तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात दिलेला निकाल दाखवावा. विमा हा नुकसानभरपाईचा करार असल्याने व्यावसायिक संस्थाही विमा कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून उभी राहू शकते, असे त्यात म्हटले आहे.

काम बंद करताना

भागीदार वेगळा झाला, मुलाने पुण्यात नोकरी धरली, गाळा सोडायचा ठरला, तरी विकलेल्या पॉलिसी चालूच राहतात आणि त्यांच्या तक्रारी मागाहून येतात. पीआयचे नूतनीकरण थांबले की त्या तक्रारींना आधार राहत नाही. पॉलिसी संपल्यानंतरही आलेले दावे काही काळ कळवता यावेत यासाठी वाढीव कळवणी कालावधी नावाची सोय जादा प्रीमियम भरून मिळते, पण ती बहुतेक कंपन्यांत पॉलिसी संपल्यापासून ठराविक दिवसांतच मागावी लागते. म्हणून नूतनीकरण नको असल्याचे पत्र पाठवण्याच्या किमान महिनाभर आधी, हा कालावधी किती महिन्यांचा मिळेल, किती रुपयांत मिळेल आणि निवृत्त भागीदाराचे नाव त्यात राहील का, या तीन प्रश्नांची उत्तरे कंपनीकडून लेखी घ्यावीत.